बत्तीस हजार फळं

"बत्तीस हजार," बाबा म्हणाले. "वर एक फळ जात नाई."

शेवंताकाकूंचा चेहरा पडला. त्यांच्या एका एकरात संत्र्याची एकशे दहा झाडं, आणि त्या वर्षी जानेवारीच्या फुलोऱ्याचा आंबिया बहर असा लागला होता की फांद्यांना खालून बांबूचे टेकू द्यावे लागले होते. अडाणी माणसानंही नुसतं बांधावर उभं राहून पाहिलं असतं, तरी त्याला बत्तीस हजार कमी वाटले असते. पण सांगणारे बाबा होते. त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही.

ऑक्टोबर महिन्यातली सकाळ होती. पंधरा-वीस शेतकरी विहिरीजवळच्या सावलीत जमले होते. त्यांना मीच बोलावलं होतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. अकोल्याहून शेतीची पदवी घेऊन आले होते आणि वरूडकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत नोकरीला लागले होते. आमच्याकडे एक नवीन ॲप आलं होतं. झाडाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढायचे, ॲप दिसणारी फळं मोजणार, पानांआड दडलेल्यांचा हिशेब धरणार आणि बगिच्यात एकूण माल किती निघेल ते सांगणार. आमच्या भागात व्यापारी अख्खा बगिचा झाडावरच उक्ता विकत घेतात, हजार फळांचा भाव ठरवून. म्हणजे झाडावर फळं किती, यावरच सगळा सौदा. ज्याचा अंदाज चुकला, तो वर्षभरासाठी बुडाला.

आणि आमच्या बोरखेडीत अंदाज म्हणजे दौलतराव खेरडे. माझे बाबा.

चाळीस वर्षं ते हे काम करत होते. हात मागे बांधून ओळींच्या मधून चालत जायचे, कुठं थांबायचे नाहीत, बोटांवर मोजायचे नाहीत. शेवटच्या झाडापाशी आकडा सांगायचे. माल उतरला की तो आकडा पाच-सात टक्क्यांच्या आत यायचा. व्यापारी तो मान्य करायचे, शेतकरीही करायचे. त्यासाठी बाबांनी कधी कोणाकडून काही घेतलं नाही. चहा मात्र सोडायचे नाहीत, आणि तो गुळाचाच लागायचा.

मी ॲप आणलं तेव्हा ते हसले होते. "तुहा फोन झाडाखाली वाकून पाह्यते का? शेंड्यावर चढते का?" मला ते लागलं होतं. म्हणून मी ठरवलं की एकाच बगिच्याचा अंदाज दोघांनीही सांगायचा, सगळ्यांसमोर. शेवंताकाकू तयार झाल्या. नवरा गेल्यापासून बगिचा त्याच पाहत होत्या, आणि त्यांचा सौदा दोन दिवसांवर आला होता. आदल्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून सगळ्या झाडांचे फोटो काढले होते. एकही झाड सोडलं नव्हतं. आकडा मात्र मी मुद्दामच पाहिला नव्हता.

आता सगळे माझ्याकडे पाहत होते. मी बटण दाबलं.

"किती वं?" काकूंनी विचारलं.

मला वाटलं, काहीतरी चुकलं. मी पुन्हा दाबलं. तोच आकडा.

"सहासष्ट हजार दोनशे."

कोणी हसलं. मग ते हसू थांबलं. बाबांचा आणि माझा आकडा वेगळा येईल हे सगळ्यांनीच धरलं होतं. चार हजारांचा फरक, फार तर सहा. दुप्पट कसा असेल?

"मशीन चुकली," बाबा म्हणाले. शांतपणे. त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. निदान मला आज तसं वाटतं. त्या वेळी मला काय वाटलं, ते पुढे सांगते.

"भाऊ, एक डाव पुन्हा पाहा नं," काकू म्हणाल्या.

बाबा पुन्हा निघाले. दहा ओळी होत्या, अकरा-अकरा झाडांच्या. दोन ओळींच्या मधल्या गल्लीतून जायचं, पुढच्या दोन ओळींच्या मधून यायचं, अशा पाच खेपा. मी वहीत लिहून घेत मागून चालले. प्रत्येक गल्लीच्या टोकाला ते आकडा सांगत होते. सहा हजार चारशे. सहा हजार सहाशे. सहा दोनशे. सहा आठशे. सहा हजार. मी बेरीज केली. बत्तीस हजार. एका फळाचा फरक नाही.

तेवढ्यात नानाजी बोंडे पुढे आले. त्यांचा बगिचा बाबांच्याच शब्दावर पंधरा दिवसांपूर्वी सुधाकर बारंगे नावाच्या व्यापाऱ्यानं उक्ता घेतला होता, आणि तोड सुरू होती. नानाजींच्या हातात एक चुरगळलेला कागद होता.

"दौलतभाऊ, माह्या बगिच्यात तुम्ही अठ्ठावीस हजार सांगितले होते."

"हो."

"मी कॅरेटातली फळं मोजून राह्यलो दहा दिवसांपासून. काल सांजच्याला पन्नास हजार झाले. अजून तीन ओळी बाकी हायेत."

मग मागून कोणीतरी म्हणालं की वाघमारेंच्या बगिच्यातही असंच झालं, गाडी जास्तीची लागली. आणखी एक जण म्हणाला, माझ्याही. त्या हंगामात बाबांच्या आकड्यावर तीनच बगिचे गेले होते आणि तिन्ही बारंगेंनी घेतले होते. तिन्ही ठिकाणी माल दुप्पट निघत होता.

"भाऊ," नानाजींचा आवाज चिरकला, "बारंग्यानं तुमाले काय देलं?"

बाबा त्यांच्याकडे पाहतच राहिले. त्यांना प्रश्नच कळला नसावा असं. मग ते माझ्याकडे वळले. मला वाटतं, मी काहीतरी बोलीन अशी त्यांची अपेक्षा होती. त्यांची मुलगी होते मी. लहानपणी मला खांद्यावर घेऊन त्यांनी एकेक फांदी मोजायला शिकवली होती.

आणि मी बोलले.

"बाबा, मी आत्ता मागून चालत होते. माझ्या डोळ्यांना फळं दिसत होती, तुम्हाला दिसत नव्हती? या बाईचं दुसरं काही नाही जगात. खोटं बोलायला लाज नाही वाटली?"

सगळ्या गावासमोर. मोठ्यानं. माझा आवाज मलाच परका वाटला.

बाबांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. ते विहिरीकडे वळले, आणि जाता जाता शेवंताकाकूंच्या पाण्याच्या मडक्याला त्यांचा पाय लागला. मडकं फुटलं. ते थांबलेही नाहीत. "पाह्यलं, कसे गेले ते?" कोणीतरी म्हणालं. "पाप लागलं की मानूस असाच चालते."

मलाही तसंच वाटलं.

घरी आले तेव्हा बाबा घरात नव्हते. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिच्यापर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. ती सूप हातात धरून बसून राहिली. मला कंपनीला अहवाल पाठवायचा होता. खरं सांगायचं तर मला तो अगदी पक्का करून पाठवायचा होता. दौलतराव खेरडे कुठं आणि किती खोटं बोलले, हे ओळीओळीनं दाखवायचं होतं. रागात माणूस फार व्यवस्थित काम करतो.

ॲपमध्ये प्रत्येक ओळीचा वेगळा आकडा मिळत होता. मी वही उघडली. बाबांचे पाच आकडे, पाच गल्ल्यांचे. एका गल्लीत दोन ओळी, म्हणून मी दोन-दोन ओळींची बेरीज करून शेजारी लिहायला घेतली. पहिल्या गल्लीत बाबांचे सहा हजार चारशे. ॲपच्या पहिल्या ओळीत सहा हजार नऊशे आणि दुसऱ्या ओळीत सहा हजार तीनशे दहा.

मी थांबले. दुसऱ्या ओळीचा आकडा बाबांच्या आकड्याच्या अगदी जवळ होता. योगायोग असेल.

दुसरी गल्ली. बाबांचे सहा हजार सहाशे. ॲपच्या तिसऱ्या ओळीत सहा हजार सातशे वीस. तिसरी गल्ली, सहा हजार दोनशे. सहाव्या ओळीत सहा हजार एकशे पन्नास. चौथी, पाचवी. प्रत्येक गल्लीत दोनपैकी एका ओळीशी बाबांचा आकडा शंभर-दीडशेच्या आत जुळत होता, आणि दुसरी ओळ जणू नव्हतीच.

चोरी करणारा माणूस असं करत नाही. आकडा खाली आणायचा तर तो सगळीकडूनच थोडा थोडा खाली आणेल. पाच ओळी अचूक आणि पाच शून्य, हे कशाला?

मी कागदावर बगिचा काढला. विहिरीकडून वर जाणारी गल्ली, मग परत येणारी, मग पुन्हा वर जाणारी. बाबा ज्या दिशेनं चालले तिकडे बाण काढले. जुळलेल्या ओळींवर खुणा केल्या. दोन, तीन, सहा, सात, दहा. मग प्रत्येक बाण वर येईल तसा कागद फिरवून पाहिला.

जाताना असो की येताना असो, खूण प्रत्येक वेळी बाबांच्या उजव्या हाताला होती.

"आई, बाबा कुठं गेले?"

"काय मालूम. आले, पानी पेले, पुन्हा शेवंताच्या बगिच्याकडे गेले."

मी चपला न घालताच निघाले.

दुपार झाली होती. बगिच्यात कोणी नव्हतं. बाबा पहिल्याच गल्लीत होते, एकटे, तिसऱ्यांदा मोजत. मी त्यांना हाक मारली नाही. बांधाच्या कडेला उभी राहून पाहू लागले. ते सरळ चालत नव्हते. डावीकडे सरकत सरकत जात होते, इतके की डाव्या ओळीच्या फांद्या त्यांच्या खांद्याला, कानाला लागत होत्या. एक पिवळं झालेलं फळ त्यांच्या गालावर आपटलं. त्यांनी माशी हाकलावी तसा हात फिरवला. पण तिकडे पाहिलं नाही. नजर उजवीकडच्या ओळीवर होती, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत, एकही फांदी न सोडता.

सकाळी मी त्यांच्या मागून चालले होते, हातात वही घेऊन. माझ्या डोळ्यांसमोर हे सगळं झालं असणार. मी फक्त आकडे ऐकत होते.

"बाबा."

ते दचकले. "तू आली का? पाह्य, पुन्हा तितकेच येऊन राह्यले."

"बाबा, या गल्लीत किती?"

"सहा चारशे. सकाळी सांगितलं नं."

"आता इथंच फिरा. मागे तोंड करा आणि याच गल्लीतून विहिरीकडे चला."

"हे काय नवीन?"

"चला तर खरं."

ते वळले. दहा-बारा पावलं चालले आणि थांबले. त्यांची मान हळूहळू वर गेली. समोर तीच पहिली ओळ होती, जिच्या फांद्यांखालून ते आत्ताच घासत आले होते. आता ती त्यांच्या उजवीकडे होती. एकेका झाडाला सहाशे-साडेसहाशे फळं लटकत होती.

ते पुढे गेले. हात लावून पाहिलं. फांदी उचलून पाहिली.

"प्रणिता," ते म्हणाले, "हे झाडं कोनाचे होय?"

मी त्यांच्याजवळ गेले.

"हे लय भरलेले हायेत. हे तं शेवंताच्या बगिच्यात नव्हते. आपन कुठं आलो?"

"बाबा, आपण तिथंच आहोत. ती बघा विहीर."

त्यांनी विहीर पाहिली. मग झाडं पाहिली. मग पुन्हा विहीर. माणूस घाबरतो तेव्हा ओरडतो असं मला वाटायचं. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी झाडाचा बुंधा घट्ट धरला.

"पोरी," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "कुठं गेली तू?"

मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. हात लांब केला असता तर त्यांना लागला असता.

"प्रणिता? गेली का?"

मी धावत त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि त्यांना मिठी मारली. कळायला लागल्यापासून मी बाबांना कधी मिठी मारली नव्हती. त्यांच्या सदऱ्याला संत्र्याच्या पानांचा वास येत होता आणि डाव्या कानामागून रक्ताचा बारीक ओघळ आला होता. काट्यानं ओरखडलं होतं. त्यांना त्याचाही पत्ता नव्हता.

त्यांना घरी आणलं. मी आईला सगळं सांगितलं, तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली आणि एकेक गोष्ट आठवून सांगू लागली. दोन महिन्यांपासून ते ताटातलं अर्धं टाकून उठत होते. भाजी नेमकी डावीकडे वाढलेली असायची. ती म्हणायची, आवडली नाही का, तर ते म्हणायचे, कोणती भाजी? दाढी एका गालावर राहायची. मोटारसायकल दोनदा फाटकाच्या डाव्या खांबाला घासली होती. डाव्या पायातली चप्पल ते शेतात विसरून आले होते, आणि घरी पोचेपर्यंत त्यांना ते कळलं नव्हतं.

"मग सांगितलं नाही का कोणाला?"

"काय सांगू? वय झालं म्हनलं. साठी उलटली की मानसं असेच विसरतात म्हनलं." मग ती रडायला लागली. "मी ओरडायची वं त्यांच्यावर. रोज ओरडायची. अन्न टाकता म्हणून."

नागपूरला आम्हाला नानाजी बोंडेंनी त्यांच्या गाडीतून नेलं. मीच त्यांच्या दारात जाऊन सांगितलं होतं. ते जेवत होते. हात धुऊन तसेच उठले. रस्ताभर ते प्रत्येक वळणावर मागे पाहून विचारायचे, "भाऊ, ठीक हाय नं?"

तिथल्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी बाबांचे डोळे तपासले, ते चांगले होते. मग त्यांनी एका कोऱ्या कागदावर आडवी रेघ ओढली आणि पेन्सिल बाबांच्या हातात दिली. "काका, या रेघेच्या मधोमध खूण करा."

बाबांनी नीट पाहिलं. झाड पाहायचे तसंच, डोळे बारीक करून. आणि खूण केली. रेघेच्या उजव्या टोकापासून जेमतेम दोन बोटांवर.

"हे मधोमध आहे?"

"अगदी मधात," बाबा म्हणाले. "माहा अंदाज चुकत नाई."

नानाजी उठून बाहेर गेले.

मेंदूचा फोटो काढला. उजव्या बाजूला, वरच्या अंगाला, लिंबाएवढी गाठ होती. हळूहळू वाढणारी, कदाचित चार-पाच वर्षांपासूनची. डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं. डोळ्यांना डावीकडचं दिसतं, पण मेंदू ते घेतच नाही. रुग्णाला आपल्याला काही कमी दिसतंय हेही कळत नाही. अंधार दिसला तर माणूस डॉक्टरकडे येतो. यांना अंधार दिसत नाही. यांच्यासाठी डावी बाजू जगातच नाही.

"किती उशीर झाला?" मी विचारलं.

"आणखी दोन-तीन महिने गेले असते, तर बोलायला काही उरलं नसतं. कसं लक्षात आलं तुमच्या?"

मी संत्र्याचं सांगितलं. त्यांना आधी ते कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी ॲपमधले ओळींचे आकडे मागून घेतले आणि बाबांच्या फाइलमध्ये लावले. हॉस्पिटलच्या फाइलमध्ये शेवंताकाकूंचा बगिचा गेला.

शस्त्रक्रिया सहा तास चालली. मी आणि आई बाकावर बसलो होतो. मला एकच वाक्य ऐकू येत होतं, माझंच. लाज नाही वाटली? बाबांनी त्यावर एकदाही काही विचारलं नव्हतं. दवाखान्यात नेताना नाही, भरती करताना नाही. आत नेण्याआधी त्यांनी फक्त आईला सांगितलं होतं, शेवंताला म्हणावं, सौदा सहासष्टवर कर.

काकूंनी तसाच केला. माल निघाला चौसष्ट हजार आठशे.

बाबा वाचले. गाठ साधी निघाली. पहिले काही आठवडे ते डाव्या हाताकडे परक्याच्या हातासारखे बघायचे. मग व्यायाम सुरू झाले. मान पूर्ण डावीकडे वळवायची, दर थोड्या वेळानं, काही असो वा नसो. सवय लागेपर्यंत. दिवाळी होऊन गेल्यावर आम्ही त्यांना घरी आणलं. लोक येऊन बसत. काहीजण पाया पडत, आणि बाबा अवघडून जात. त्यांना भेटायला येणाऱ्यांमध्ये एक दिवस सुधाकर बारंगे आले.

मला तो माणूस दारात नको होता. पण बाबांनी बसा म्हटलं. आईनं पाणी दिलं. बारंगे गुडघ्यांवर हात ठेवून बसले. म्हणाले की नानाजींचा, वाघमारेंचा आणि तिसऱ्या शेतकऱ्याचा, कोहळेंचा, अशा तिन्ही बगिच्यांचा माल त्यांनी पुन्हा प्रत्यक्ष निघालेल्या फळांवर धरला आहे. जो फरक आहे तो त्यांनी तिघांना पोचवला आहे. बाबांनी मान हलवली.

मला राहवलं नाही. "काका, गाड्या भरताना तुम्हाला कळलं नव्हतं? अठ्ठावीसच्या जागी पन्नास हजार?"

"कळलं," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी कळलं."

"मग?"

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"खरं सांगू का बाई? मले वाटलं, भाऊनं माह्यासाठी केलं. आता येतीन आपला वाटा मागाले, म्हनलं. मी वाट पाह्यली. आठ दिवस पाह्यली. आले नाई, तं म्हनलं हंगाम संपल्यावर येतीन." ते थांबले. "तीस वर्सांपासून ओळखतो मी यांना. तीस वर्सांत एक चहा जास्तीचा घेतला नाई यांनी. तरी मले दुसरं काही सुचलंच नाई. मानूस चुकला असंन, बिमार असंन, काही काही मनात आलं नाई." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले आलं होतं?"

हा प्रश्न विचारण्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. ते खरंच जाणून घ्यायला पाहत होते.

मी बाबांच्या डाव्या बाजूला बसले होते. बाबांनी व्यायामात शिकवल्याप्रमाणे मान वळवली, हळूहळू, पूर्ण, मी दिसेपर्यंत. आणि माझ्याकडे पाहत राहिले. बगिच्यात सगळ्यांसमोर पाहिलं होतं तसंच.

"नाही," मी म्हणाले. "मलाही तेच वाटलं होतं. बारंग्यांनी काहीतरी दिलं असेल. मी तसं बोललेही. सगळ्यांसमोर."

आई आतून दारात येऊन उभी राहिली होती. मला वाटलं, बाबा आता उठून जातील. किंवा म्हणतील, जाऊ दे पोरी. मला त्यांपैकी काहीही चाललं असतं.

"मले बी तसंच वाटलं होतं," बाबा म्हणाले.

आम्ही सगळे त्यांच्याकडे पाहू लागलो.

"तू म्हनलं, नानाजी म्हनला. मानसं म्हनतात तं उगाच नाई म्हनत. मी घरी आलो, पानी पेलो आन् इचार केला. दौलत, तुह्या मनात बारंग्याबद्दल काही आलं का? पैशाचं आलं का? तुलेच न सांगता आलं का?" त्यांनी डावा हात उजव्या हातात घेतला. "फळं मोजाले नव्हतो गेलो मी तिसऱ्या डावाले. मी पाहाले गेलो होतो का मी खोटा हाय का म्हणून."